मोगऱ्यात विचारलेला प्रश्न

विनयाला न घाबरणारा एकतरी पुरुष आमच्या गावात मला दाखवा, मी त्याच्या गळ्यात माझ्या वाडीतल्या मोगऱ्याचा हार घालीन. मी तिचा नवरा, तेव्हा तो हार मला मिळायचा नाही हे सुरुवातीलाच कबूल करतो.

दिसायला म्हणाल तर ती पाच फुटांनाही दोन बोटं कमी. पायात रबरी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी, आणि चाल अशी की समोरून येणारा बैलसुद्धा बाजूला होईल. सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणीचं केंद्र आहे, त्या केंद्राची ती गावोगाव फिरणारी कार्यकर्ती. सतरा वर्षं झाली. पिशवीत माहितीची पत्रकं आणि निरोधची पाकिटं. घरी आली की ही पिशवी ती माझ्या पूजेच्या पिशवीशेजारच्या खुंटीला अडकवते. एकदा घाईत मी चुकीची पिशवी देवळात नेली आणि गुरवासमोर उघडली. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

आमचं गाव मुंबईच्या उत्तरेला, बोळिंजच्या पलीकडे. इमारती आता आमच्या बांधापर्यंत आल्या आहेत, पण वाडी अजून आहे, विहीर आहे, मोगरा आणि सोनचाफा आहे. मी फुलंच पिकवतो. विनयाही लग्नानंतर माझ्याबरोबर फुलंच खुडत होती. ती या कामात कशी पडली ते सांगायचं तर आधी मला माझं एक खोटं सांगावं लागेल.

माझा धाकटा भाऊ वालीवच्या कारखान्यांचा माल ट्रकमधून गुजरातेत न्यायचा. २००२ साली तो वारला. एड्सने. वर्षाच्या आत त्याची बायकोही गेली. मागे राहिला साडेतीन वर्षांचा कुशल. आम्हाला मूल नव्हतं, कुशल आमचा झाला. मी गावाला सांगितलं, भाऊ काविळीने गेला आणि भावजय क्षयाने. विनयाला माझ्या गळ्याची शपथ घातली की तूही हेच सांगायचं. ती "बरं" म्हणाली. तेव्हा ती मला बरं म्हणायची.

गाव माझ्यापेक्षा हुशार. तोंडावर कावीळ म्हणे आणि पाठीमागे खरं नाव घेई. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणून देतात, ही आमच्याकडची रीत. भाऊ गेला त्या दहा दिवसांत आमच्या दारात एकच पातेलं आलं, शेजारच्या क्लाराचं, पेजेचं. बाकीचे अंगणापर्यंत यायचे, हात जोडायचे, हळहळायचे. विनया पाण्याचा तांब्या पुढे करायची. "नको वहिनी, आत्ताच पिऊन आलो." सगळे आत्ताच पिऊन आलेले! ती माणसं घरून निघताना हंडा रिकामा करून निघत असावीत. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात कोणाला तहान लागली नाही, आणि विनया प्रत्येक वेळी तो तांब्या भरलेलाच आत घेऊन जायची. मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

कुशलला तिने मुंबईला नेऊन तपासून आणलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी, रिपोर्ट यायच्या आधीच, एका ग्लासातलं अर्धं पाणी कुशलला पाजलं आणि उरलेलं स्वतः प्यायल्या. रिपोर्ट चांगला आला. पण घरी येऊन विनया रिपोर्टबद्दल कमी आणि त्या ग्लासाबद्दल जास्त बोलत होती. "मला असलं काम करायचंय," ती म्हणाली. मी हसलो. तेव्हा ती जेमतेम नववी शिकलेली. दहावीला बाहेरून बसली, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा सुटली, आणि मग बारावीही झाली. २००८ साली ती त्या केंद्रात लागली तेव्हा माझं हसू कधीच बंद झालं होतं.

या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वेक्षण आलं. आफ्रिकेतल्या काही देशांत असं दिसलं की सुंता झालेल्या पुरुषांना बायकांकडून एचआयव्ही लागण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे. म्हणून तिकडे दवाखान्यांतून ती करून देतात. आपल्याकडे सरकारचा असा काही कार्यक्रम नाही. पण आपल्या खेड्यांतल्या लोकांना याबद्दल काय वाटतं, ते विचारायचं होतं. एकशे वीस पुरुष, वय अठराच्या वर. विचारणार कोण, तर विनया.

"तू पुरुषांना हे विचारणार?" मी म्हणालो.

"मग काय म्हशींना विचारू?"

पहिल्या दिवशी दोन डॉक्टर जीपमधून आले. जीप अजून देवळाशी वळतेय तोवर खाडीलगतच्या खाजणाकडच्या घरांतून विठ्ठलकाकांची हाक आली. हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, भातशेती आणि मिठागरात आयुष्य गेलेले, आता म्हातारपणी मोगरा खुडणारे. आणीबाणीत नसबंदीची जीप आली तेव्हा मिठागराच्या झोपडीत तीन दिवस सुके बोंबील खाऊन लपलेले. जीप म्हटली की त्यांना दुसरं काही सुचतच नाही.

"पला रं पला! कापाया आल्यान! शहात्तरला पन अशीच आल्ती!"

पाच मिनिटांत गावात एकही पुरुष उरला नाही. कुशलच्या मित्रासारखी, त्या जितेशसारखी, हातात दोन-दोन मोबाईल बाळगणारी पोरंसुद्धा केळीत जाऊन बसली. विठ्ठलकाका स्वतः पेंढ्याच्या उडवीमागे, धोतराचा सोगा बाहेर. आता खोटं कशाला सांगू, मीही विहिरीच्या पंपाच्या खोपट्यात होतो. पंप दुरुस्त करत होतो. पंप चालू होता. डॉक्टर पिंपळाखाली बसले, क्लाराचं कोकम सरबत प्यायले आणि परत गेले.

विनया रागावली नाही. ती दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मोगऱ्यात गेली.

मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत खुडाव्या लागतात. एका ओळीच्या दोन बाजूंना दोन माणसं, नजर कळीवर, हात चालू. मान वर केली की माणूस मागे पडतो. म्हणून आमच्या गावात जे तोंडावर बोलता येत नाही ते मोगऱ्यात बोलतात. भावाभावांची वाटणी, मुलीचं जमलेलं प्रकरण, सगळं आधी मोगऱ्यात निघतं. विनया रोज एका वाडीत जायची, पदर खोचायची, मालकाच्या ओळीला पलीकडून लागायची. ओटीभर कळ्या त्याच्या टोपलीत ओतायची आणि पुन्हा वाकता वाकता विचारायची. फॉर्मवर नाव नसतं हे आधी सांगायची. सुंता केली तरी धोका पुरता जात नाही, निरोध लागतोच, हेही न चुकता सांगायची.

आणि पुरुष बोलले! माझा विश्वास बसेना. कोणी म्हणाला, आपल्या धर्मात बसत नाही. कोणी म्हणाला, डॉक्टरने सांगितलं तर करीन पण बापाला कळता कामा नये. एकाने विचारलं, मग आम्हाला स्मशानात घेतील ना? कोणाचं काय उत्तर ते तिने मला कधीच सांगितलं नाही, हे सगळं नावाशिवाय सांगितलं. मी खोदून विचारलं, "विठ्ठलकाका काय म्हणाले?" तर म्हणाली, "मोगऱ्यात वाकून कंबर दुखते म्हणाले." तोंड उघडायचं नाही म्हटलं की नाही.

क्लाराचं मात्र नाव घ्यायला हरकत नाही, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती कुंपणावरून मला म्हणाली, "दिनानाथभाऊ, येशूची सुंता आठव्या दिवशी झाली, बायबलात आहे. आमचे जुने लोक एक जानेवारीला त्याचा सण करायचे. आमच्यात आता कोणी करत नाही, पण नुसत्या नावाने एवढं पळायचं काय त्यात?"

"मी पंप दुरुस्त करत होतो," मी म्हणालो.

सातव्या दिवशी विनया आमच्याच वाडीत आली. तिला वाटलं पलीकडे मी आहे. पलीकडे कुशल होता. सव्वीस वर्षांचा, वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर कामाला, मे महिन्यात बोळिंजच्या ऋतिकाशी लग्न ठरलेलं.

"काकू, फॉर्मवर नको लिहूस, पण एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि हात न थांबवता सांगून टाकलं. पुढची कातडी मागे सरकत नव्हती. चिरायची, सुजायची, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग. डॉक्टरने तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, सुंता करून घ्या, लग्नाआधी करा, छोटं ऑपरेशन आहे. तो गप्प बसला होता. "काकू, हळदीला पोरं सोडणार नाहीत ना. कपडे फाडतील. सगळ्यांना दिसेल. बाबांचं आधीच लोक बोलतात, मग काय काय बोलतील."

आमच्याकडची ही नवी रीत. हळदीच्या दिवशी नवऱ्यामुलाचे मित्र त्याच्या अंगावरचे कपडे टराटरा फाडतात. शेवटची चड्डी वाचली तर नशीब समजायचं.

दुपारी जेवताना विनयाने मला सगळं सांगितलं, कुशलला विचारूनच. मी म्हणालो, "लग्न होऊन जाऊ दे, मग बघू." ती म्हणाली, त्याला रोज त्रास होतोय. मी म्हणालो, लोक काय म्हणतील. हे मी म्हणायला नको होतं.

"लोक!" तिने ताट सरकवलं. "तुमच्या शपथेपायी मी तेवीस वर्षं कावीळ म्हटलं. शेकडो लोकांना मी सांगते, लाजू नका, लपवू नका, आणि घरी येऊन कावीळ म्हणते. आता नाही. पोराचं ऑपरेशन होणार."

ऑपरेशन झालं. सकाळी गेला, संध्याकाळी घरी आला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांत ठणठणीत. पण मी तो मी. गावात कोणी विचारायच्या आधीच मी देवळापाशी सांगून टाकलं, कुशलचं अपेंडिक्स काढलं. विनयाला हे क्लाराकडून कळलं. तीन दिवस चहा ठेवायची तोसुद्धा माझ्यासमोर नाही, माझ्या बाजूला.

आठवड्याने जितेश त्याला बघायला आला. जितेश कुशलचा बालमित्र, मनात काही नाही, पण जीभ सैल. कुशल उकाड्यामुळे उघडाच बसला होता. "टाके कुठायत रे?" जितेशने विचारलं. पोटावर टाका नाही, पट्टी नाही, खरचटल्याचीही खूण नाही. कुशलने घाईने सदरा ओढून घेतला. मग गावाने स्वतःच उत्तर शोधलं. अपेंडिक्स नव्हे, म्हणजे काहीतरी लपवतायत. लपवतायत म्हणजे बापाचाच रोग. महिन्याभरात हे पार गोखिवऱ्याच्या आमच्या मावसभावापर्यंत पोचलं आणि तिथून फिरून माझ्याकडे आलं.

"तुमच्या अपेंडिक्सने माझ्या पोराचा घात केला," विनया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी तिला रडताना फार थोड्या वेळा पाहिलंय. मला माझीच लाज वाटली, पण करायचं काय ते कळेना. ऋतिकाच्या घरी हे गेलं तर लग्न मोडणार, याच भीतीत मी दिवस मोजत होतो.

हळदीचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, पाटावर कुशल, नवा सदरा घातलेला. सगळं गाव आलं होतं, आमंत्रण कोणी मोडलं नाही. ऋतिकाचा भाऊ सुमेध गाडी घेऊन आला होता. कुशलला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन आमच्या बायका त्याच्याबरोबर बोळिंजला जाणार, मग तिकडे ऋतिकाला हळद लागणार.

पहिली हळद विनयाने लावली. पाचजणी लावतात. तिने वाटी दुसरीकडे दिली. दुसरीने ती तिसरीकडे सरकवली. तिसरी म्हणाली, "माझे हात ओले आहेत." चौथीला अचानक नातवाची आठवण झाली. वाटी फिरून पुन्हा विनयाच्या हातात आली. कपडे फाडणारी पोरं, जितेश धरून, भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. एकही पुढे आलं नाही. ज्या पोराला सगळे हात लावतील म्हणून भीती होती, त्याला कोणी हातच लावेना. कुशल पाटाकडे बघत बसला होता. विनया वाटी धरून उभी. तोच तांब्या हातात घेतलेला चेहरा. तेवीस वर्षं मी त्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं होतं, त्या दिवशी मला बघावं लागलं.

मी उठलो. बोलायची मला सवय नाही, फुलांचा भाव सांगण्यापुरतंच मोठ्याने बोलतो.

"माझा भाऊ काविळीने गेला नाही," मी म्हणालो. "तो एड्सने गेला. त्याची बायकोही त्यानेच गेली. मी खोटं बोललो. विनया नाही बोलली, मी तिला बोलायला लावलं. हा पोरगा लहानपणी तपासला, मागच्या महिन्यात पुन्हा तपासला. त्याला काही नाही. अपेंडिक्सही नव्हतं. त्याची सुंता केलीय, डॉक्टरने सांगितली म्हणून. त्याला त्रास होता, आता नाही. एवढंच आहे. आणि ज्याला एचआयव्ही असेल त्यालाही हात लावल्याने काही होत नाही, हे ही बाई तुमच्या दारात येऊन सतरा वर्षं सांगतेय. मलाच ऐकू आलं नाही."

मी सुमेधकडे वळलो. "तुमच्या घरच्यांना आता काय ठरवायचं ते..."

"काका," सुमेध म्हणाला, "कुशलने साखरपुड्याच्या आधीच सांगितलंय आम्हाला. त्याच्या बाबांचं पण, आणि ऑपरेशनचं ठरल्या दिवशी ते पण. ताई बोलली, एवढंच ना, मला वाटलं दुसरी कोणी आहे. हळद द्या लवकर, तिकडे सगळे थांबलेत."

म्हणजे ज्यांच्यापासून मी लपवत होतो त्यांना माझ्याआधी माहीत होतं. विनयाने कुशलला अठराव्या वर्षीच सगळं सांगितलं होतं, आणि कुशलने तिच्याकडून लपवायचं नाही एवढं बरोबर उचललं होतं.

मांडवात कोणी हलेना. मग मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"सरा रं बाजूला." विठ्ठलकाका धोतर सावरत पुढे आले. "मना पन झालंय त्ये! दोन वर्सं झाली. साखरंनी कातडी चिरत व्हती, डाक्तर बोल्ला काढू. मी गावाला मुतखडा सांगितला. येकाच मानसाला खरं सांगितलं, मोगऱ्यात." त्यांनी काठीने विनयाकडे दाखवलं. "हिनं नवऱ्याला पन नाय सांगितलं. आन तुमी हिच्या पोराला हात लावाया घाबरता? आना ती वाटी."

मी विनयाकडे पाहिलं. मोगऱ्यात वाकून कंबर दुखते म्हणे!

विठ्ठलकाकांनी दोन्ही हात वाटीत बुडवले आणि कुशलच्या गालाला, कपाळाला, मानेला, नव्या सदऱ्याला, जिथे मिळेल तिथे हळद फासली. मग ओले हात असलेलीचे हात वाळले. नातवाची आठवण झालेली परत आली. क्लाराला पुढे यायला संकोच वाटत होता, विधवा म्हणून, तर विनयाने तिचा हात धरून वाटीत घातला. आणि जितेश भिंत सोडून धावत आला, कुशलसमोर उभा राहिला, आणि रडवेल्या आवाजात ओरडला, "सॉरी यार!" आणि त्याने कुशलचा सदरा गळ्यापासून खालपर्यंत टर्रकन फाडला. मग पोरं तुटून पडली. कुशल हसत होता, ओरडत होता, चड्डी दोन्ही हातांनी घट्ट धरून मांडवभर पळत होता, आणि सगळं गाव त्याच्यामागे हळद घेऊन पळत होतं. मी आयुष्यात एवढा हसलो नाही. हसता हसता रडलो असेन तर ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

उष्टी हळद सुमेधच्या गाडीतून बोळिंजला गेली. मग पंगत बसली. वालाचं बिरडं, भात, पुऱ्या. पानावर बसायला जागा पुरेना, ओटीवर, अंगणात, विहिरीच्या कट्ट्यावर माणसं. विनया वाढत होती. सतरा वर्षं गावात फिरणारी ती चाल त्या दिवशी आमच्याच घरात फिरत होती, आणि माझ्या छातीत अभिमान मावत नव्हता. हे तिला मी अजून तोंडावर सांगितलेलं नाही. पुढच्या मोगऱ्यात सांगेन.

विठ्ठलकाकांना ठसका लागला. "पानी दे गं विनयाबाय," ते म्हणाले. त्यांच्या शेजारच्यानेही हात वर केला. मग पलीकडच्यानेही. मी तांब्या आणायला उठलो.

"तुम्ही बसा," विनया म्हणाली. "पाणी मीच देणार. तेवीस वर्षं भरून ठेवलंय."